आत्म्याच्या मानेचा टेकू

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून वर्ष झालं होतं आणि बॉस्टनजवळच्या त्या गावात जिवंतांपेक्षा मेलेल्यांचेच फोटो जास्त निघत होते. प्रोफेसर क्विग यांच्या स्टुडिओबाहेर काळ्या कपड्यांतल्या बायांची रांग पार गिरणीच्या फाटकापर्यंत पोचलेली. खुर्चीत तुम्ही बसायचं, की फोटोत शेजारी तुमचं मेलेलं माणूस उमटायचं. प्रोफेसर नेमके कशाचे, हे कुणी विचारलं नव्हतं.

लविना स्प्रेग गावच्या शाळेत शिकवायची. तिचा नवरा ऑरिन लढाईत बेपत्ता झालेला. मेल्याचं पत्र नाही, जगल्याचंही नाही. सासू मेहिटेबल दोन वर्षं दर आठवड्याला एकेका लष्करी इस्पितळाला पत्र धाडत होती. आज फोटो हातात आला. त्यात म्हातारी खुर्चीत आणि शेजारी गणवेशातला धुरकट तरुण उभा. म्हातारीने डोळे पुसले आणि सांगून टाकलं, आता पत्रं बंद, दफनभूमीत ऑरिनच्या नावाचा दगड बसवायचा.

लविनाने फोटो उजेडाकडे धरला. चेहरा असा पुसट, की ऑरिन म्हणावा तर ऑरिन, पाववाला म्हणावा तर पाववाला.

प्रोफेसर रांगेला समजावत होते, आत्मा विजेसारखा सूक्ष्म असतो, शंकेखोर माणूस जवळ आला की लाजतो. लाजला तर पुन्हा बसावं लागे. दर मात्र न लाजता तोच.

लविनाने चेहऱ्याचा नाद सोडला आणि खाली पाहिलं. तरुणाच्या बुटांमागे तीन पायांचं लोखंडी बूड दिसत होतं.

"प्रोफेसरसाहेब, हे काय?"

"दैवी शक्तीचा आसरा, बाई."

"मानेचा टेकू आहे. लग्नाच्या फोटोला मलाही लावला होता तुम्ही."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. फोटोला कितीतरी सेकंद पुतळ्यागत राहावं लागे; मान हलू नये म्हणून मागे लोखंडी दांडा उभा करत. त्याचा गार चिमटा साऱ्या गावाने सोसला होता.

"जिवंत माणूस हलतो, म्हणून टेकू. मेलेला कशाला हलतोय?"

प्रोफेसर लाजण्याबद्दल पुन्हा सांगू लागले. तोवर लविनाने पुढच्या गिऱ्हाइकासाठी भरून ठेवलेली कॅमेऱ्याची काच बसवायची चौकट उघडली. आत एकाऐवजी दोन काचा. मागची ओली, मसाला लावलेली, नव्या फोटोची; तेव्हा फोटो काचेवरच उमटे. पुढच्या काचेवर तोच तरुण, टेकूसकट. कधीकाळचं एखादं गिऱ्हाईक. उजेड त्याच्यातून मागच्या काचेवर पडायचा आणि दोघं एकाच फोटोत यायचे. आत्मा म्हणतात तो एवढाच.

मेहिटेबलने काच हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

"मग माझा ऑरिन कुठंय गं?"

"माहीत नाही, आई."

"तासाभरापूर्वी तरी तो मेलेला होता."

 रांगेतल्या दोघी तर एवढं पाहूनही आपल्या पाळीसाठी उभ्याच होत्या.

'माहीत नाही' म्हणायला जीभ जड होते, कबूल. पण माणूस मेला असं एकदा ठरवून टाकलं, की त्याला शोधायला घरातून कुणी निघत नाही. म्हणून, बाबांनो, डोळे पुसा, आणि मग नीट बघा.