विणणाऱ्याची गाठ

"मामा, तठे नका उभा ऱ्हावा, तुम्ही समुद्रमा शेतस!"

चुडामण आबा दचकून मागे सरकले. पारोळ्याबाहेरच्या रिकाम्या खळ्यात त्यांचा भाचा लीलाधर पांढऱ्या फक्कीने बोट आखत होता, तीही पूर्ण मापाची! लीलाधर गोव्याला बोटी बांधणाऱ्या कारखान्यात फिटर होता. एकोणनव्वदच्या माघात तो मामाकडे काम घेऊन आला होता.

पंचावन्न फूट लांब, अठ्ठावीस फूट रुंद. शेजारी-शेजारी दोन निमुळती धडं आणि त्यांना जोडणारा मधला मजला.

"हाई कॅटमरान. दोन बैलं, मधमा जू," लीलाधर म्हणाला आणि मामा-मामींना फक्कीच्या रेघांतून हिंडवू लागला. इथे शिडाची डोलकाठी, सत्तर फुटांची. इथे बैठक, चहूकडून काच, तिथेच स्वयंपाकाचा ओटा. पायऱ्या उतरून प्रत्येक धडात निजायच्या दोन-दोन खोल्या, प्रत्येकीला संडास-न्हाणी. मागे दोन्हीकडे एकेक इंजिन, एकेक सुकाणू. एका धडाची बोट वाऱ्याने कलते. ही पाय फाकून उभी, म्हणून कलायचं नाव नाही.

"म्हंजे चुलवरना च्या सांडाव नही?" भिकुबाईंनी विचारलं.

"थेंब नही, मामी."

"माय वं! आमना घरले एक नही, आन् तठे चार संडास!"

काम होतं पुढच्या टोकाचं. दोन धडांच्या नाकांमधली जागा उघडी असते, तिथे चालायला-पहुडायला जाळी ताणतात. परदेशातून यायची जाळी चार महिने लांबली होती आणि बोट चैत्रात निघायची होती. तेव्हा लीलाधरला मामाच्या हातची दोरीने विणलेली बाज आठवली.

आबांच्या बाजेचं एके काळी एरंडोलपासून धुळ्यापर्यंत नाव होतं. लेकीला दिलेली बाज आबांच्या हातची नसली, तर व्याही तोंड वाकडं करत. मग बाजारात नायलॉनच्या पट्टीच्या घडीच्या खाटा आल्या. गेली दोन वर्षं आबांकडे विणायला एकही बाज आली नव्हती. तरी ते रोज ओट्यावर बसत. जाता-येता कुणी विचारलं, "आबा, काम शे का?" की "शे ना भो," म्हणून खोटं सांगत. खोट्याची लाज वाटायचीच, पण रिकाम्या हातांची त्याहून जास्त. हे काम साधायलाच हवं होतं.

"जे नायलॉननी पोट मारं, त्यानीच दोरी!" आबा करवादले आणि कामाला लागले. गुडघाभर उंच खुंटांवर चौकट बांधून अकरा दिवस त्यांनी वीण घातली. चौकड्यांची नक्षी, करंगळी शिरणार नाही इतकी घट्ट. घरापासून इतक्या लांब कुणी आडवं व्हायचं, त्याच्या पाठीला काही रुतू नये.

बाराव्या दिवशी लीलाधरने ती पाहिली, तिच्यावरून हात फिरवला.

"मामा, देखनी शे. पन चालाव नही. खालतून लाट येस, तिले वाट पाह्यजे. आन् वरनं पानी ठयरनं, ते बोट नाक खुपसी."

उभ्या जन्मात आबांची वीण कुणी परत केली नव्हती. ते तावातावाने उठले, विहिरीवरून बादली आणली आणि जाळीवर उपडी केली. पाणी मधोमध साचलं, जाळी झोळीसारखी लोंबली. आबा ते थेंब-थेंब गळताना बघत राहिले.

"पोऱ्या खरं सांगस," ते म्हणाले.

उसवायला एक दुपार पुरली. बापाने शिकवलं होतं, झोपणाऱ्याला गाठ सुटू नये, विणणाऱ्याला सुटावी; त्यालाही सुटेना तर ती गाठ नाही, हट्ट. आबांच्या गाठी भराभर सुटत गेल्या.

अवघड होतं ते पुढेच. बाजेला भोक म्हणजे विणणाऱ्याची फजिती, आणि आता भोकंच ठेवायची होती! हात सवयीने आवळायचा. आबा त्याला "सोड, सोड" म्हणायचे. मूठ जाईल एवढं एकेक घर. नायलॉन निसटतं म्हणून प्रत्येक गाठीला दुहेरी वेढा. भिकुबाई घराघरात मूठ घालून बघत. "आठे अटकनी! मना बांगड्या फोडशात का?" जाळी सैल पडली तर ओढायला आबांनी बाजेसारखी पायथ्याची ताणदोरीही राखली.

लीलाधर जाळी घेऊन गेला. खळ्यातली फक्की हळूहळू वाऱ्याने उडून गेली.

दिवाळीला तो आला तो पाठीवर पोतं घेऊन. पोत्यात जाळी होती.

"आफ्रिकाना बंदरमा कंपनीनी जाळी उनी, मामा. ती बोटले लाई. हाई बोटना मालकनी परत धाडी."

आबांनी जाळी बाहेर ओढून उलटीपालटी केली. मग हळूच म्हणाले, "फाटनी का?"

"नही हो. वादळमा बी एक गाठ सरकनी नही. पन विमावाला कंपनीना कागद मांगतस."

"हातले कागद कोठून लावू, भो," आबा म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं.

"सोडी टाका बठ्ठी," भिकुबाई म्हणाल्या. "चार बाजांनी दोरी निंघी."

आबा ओट्यावर जाळी मांडीवर घेऊन बसले. पहिल्या गाठीला नख लावलं. हलेना. टोच्या घातला, शिरेना. दात लावला. खारं पाणी पिऊन, लाटांचे हिसके खाऊन दोरीचे दोन वेढे एकजीव झाले होते. दुसरी गाठ तशीच. तिसरीही.

रस्त्याने गावातला सुपडू चालला होता.

"काय आबा, काम शे का?"

"शे ना भो," आबा म्हणाले. तोंडात मीठ उतरलं होतं. त्यांनी चौथी गाठ हातात घेतली.