मधली कमान

दाक्षायणी नदीत उतरली तेव्हा काव्या तिच्या खांद्यावर झोपली होती. सहा महिन्यांची पोर, पण अंगानं तीन महिन्यांची वाटावी, आणि ओठ पिकल्या जांभळासारखे. तिच्या हृदयाला छिद्र होतं. उद्या सोलापुरात ऑपरेशन, आज दुपारी भरती करायचं. "धोका आहे, पण न करण्यात त्याहून जास्त," डॉक्टर म्हणाले होते.

"लवकर उरका," काठावर जीपला टेकून तिचा नवरा गुरुशांत म्हणाला. "शिकलेली बाई तू, आणि हे काय?"

"शिकून पहिला राखला का हो मी?"



बोरी नदीवरचा हा दगडी पूल सुलतानांच्या काळातला. त्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ. मधली कमान रचून झाली, पण खालचा लाकडी सांगाडा काढायला कुणी धजेना. लाकूड निघालं की कमान एक तर उभी राहते, नाहीतर खालच्यांच्या डोक्यावर येते. तेव्हा गवंड्यानं म्हणे आपलं तान्हं लेकरू कमानीखाली वाळूवर निजवलं आणि सांगाडा स्वतःच्या हातानं सोडवला. कमान राहिली. लेकरू जागंसुद्धा झालं नाही. तेव्हापासून जिची मुलं जगत नाहीत तिनं तान्ह्याला घेऊन या कमानीखालून जायचं, पलीकडं दुसऱ्या बाईनं ते पदरात घ्यायचं आणि नाव ठेवायचं कल्लप्पा, नाहीतर कल्लव्वा. कन्नडात कल्लू म्हणजे दगड. दगडाचं नाव घेतलेलं लेकरू मागं फिरत नाही, असं बाया सांगायच्या.

दाक्षायणीचा पहिला मुलगा कल्लप्पा झाला नव्हता. "असलं काही करायचं नाही," हे तिनंच ठणकावलं होतं. तो गेल्यावर सासूनं, काशम्मानं, एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं दाक्षायणीला कितीदा वाटलं.

आता पुलावरची वाहतूक बंद होती. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी मधली कमान चिरली होती. शेजारी नवा पूल झाला होता आणि जुन्याखाली लोखंडी टेकू लावून पत्र्याचं कुंपण घातलं होतं. कुंपणाशी राखणदार बसलेला.

"वैनी, बोर्ड वाचता येतो की तुमाला."

"वाचला."

"मग? ह्या म्हाताऱ्या कमानीलाच काठ्या लावल्यात. ती तुमच्या लेकराला काय आधार देणार?"

"जास्त बोलू नगंस," कमानीच्या पलीकडच्या तोंडाशी घोटाभर पाण्यात उभी राहून काशम्मा ओरडली. "तुझं नाव काय हाय रं?"

"कल्लप्पा."

"मग सोड तिला!"

राखणदारानं एकदा पोरीच्या ओठांकडं पाहिलं. मग पत्रा बाजूला सारला आणि तंबाखू मळायला पाठमोरा बसला. "मला काय दिसलं न्हाय."

कमानीखाली गारवा होता. पलीकडं उजेडात काशम्मानं पदर पसरला होता. "ये बाळा, ये. वर बघू नगंस."

दाक्षायणीनं वर पाहिलंच. दगडांच्या मधून बोट जाईल एवढी चीर गेली होती. एक पाऊल. दुसरं. शेजारच्या पुलावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला, पायाखालचं पाणी थरथरलं आणि वरून चुन्याची भुकटी काव्याच्या टोपड्यावर पडली. पाठोपाठ मुठीएवढा दगड पाण्यात आला. काव्या दचकून रडू लागली.

"बरब्याड!" काशम्मा कन्नडात किंचाळली. पसरलेला पदर गळून पडला होता. "येऊ नगंस! फिर मागं!"

"अर्ध्यातनं फिरू?" दाक्षायणीचा आवाज फाटला. "तुम्हीच म्हणता ना, अर्ध्यातनं फिरायचं नसतं!"

"फिर म्हणते न्हवं! त्या गवंड्याला ठावं होतं आपण काय बांधलंय. आपल्याला काय ठावं हाय गं?"

"मग मी काय करू, अव्वा? माझ्या हातात दुसरं काय आहे?"

 काशम्मा सरळ कमानीखाली शिरली, पाणी उडवत आली, सुनेचा दंड धरून तिनं तिला फिरवलं आणि दोघींवर वाकून ढकलत उन्हात बाहेर काढलं. राखणदार तंबाखू टाकून धावला. कमान जागीच होती. काव्याचे ओठ रडून आणखी काळवंडले होते.

"माझ्यामुळं काही झालं तर?" दाक्षायणी पुटपुटली.

"तुझ्यामुळं काय न्हाय. पयल्याचंबी न्हाय." काशम्मानं टोपड्यावरचा चुना फुंकला, आणि ओल्या लुगड्यानिशी आधी जीपमध्ये जाऊन बसली.

नवा पूल मागं पडला. दाक्षायणीनं पोरीला छातीशी घेतलं. काव्या थोडं ओढायची, धापा टाकायची, पुन्हा तोंड लावायची. काशम्मा तिचे गार तळपाय हातात धरून चोळत होती. 

"खड्डे लई आहेत," गुरुशांत म्हणाला. "हळू घेऊ का?"

"नको," दाक्षायणी म्हणाली. "पळवा."