सातबंधीची शेवटची पेरणी

सातबंधी आता शोधायला जाल तर सापडायची नाही. जबलपूरपासून चार कोसांवर, जिथं आज तारेचं कुंपण अन् शिपायाची चौकी आहे, तिथं पिंगळ्यांची ही वाडी होती. नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत कोण्या एका पिंगळ्यानं मिळवलेली. घर साधंच, कौलारू. पण शेतं? एकाखाली एक अशी सात शेतं, अन् प्रत्येकाला मातीचा दणकट बंध; म्हणून शेतालाही बंधच म्हणत. पावसाळाभर त्यात कंबरभर पाणी कोंडून ठेवायचं, आश्विनात सोडून द्यायचं, अन् जमीन वाफशावर आली की गहू पेरायचा. मग त्याला वर पाणी द्यायची गरज नाही. त्या भागात सगळे असंच करत.

या पाण्यानंच घात केला. पाण्यानं काहून म्हणा, वाडीचे धनी भय्यासाहेब पिंगळे, त्यांच्या फुशारकीनं केला.

झालं असं. बेचाळीस साल, लढाई पेटलेली. कारखान्यांना रात्र नाही, दिवस नाही. भय्यासाहेबांचा मुलगा रत्नाकर तोफगाड्यांच्या कारखान्यात होता, तो रविवारी सायकलवर घरी यायचा तेवढाच. आता सरकारला दारूगोळा ठेवायला नवी जागा हवी झाली, अन् बोट पडलं नेमकं सातबंधीवर. श्रावणात कानूनगो, म्हणजे जमिनीच्या नोंदी करणारा सरकारी अंमलदार, मोजणीला आला. भय्यासाहेबांनी काय करावं? माणसाला डोंगीत बसवलं, सातही बंध फिरवले, शिंगाडे खाऊ घातले, अन् वर म्हणाले, "एवढं पाणी जबलपूर जिल्ह्यात कोणाकडे असलं तर दाखवा, मिशी उतरवतो!"

कानूनगो शहरातला. त्यानं पाणी पाहिलं अन् पाणीच लिहिलं.

गौरी गेल्या त्या रविवारी रत्नाकरनं सरकारचा कागद वाचून दाखवला. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणार, पण फक्त लागवडीच्या. सातबंधीपुढे लिहिलं होतं: तलाव. लागवड नाही.

"म्हणजे आपल्याला काय?" विनतानं विचारलं.

"काही नाही," रत्नाकर म्हणाला. "कचेरीत जाऊन आलो. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कानूनगो फेर पाहणीला येणार, अन् त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सरकार तारेचं कुंपण ठोकणार. तेव्हा तरी काय दिसणार त्याला, चिखल? चलो, नेपियर टाउनात दोन खोल्या बघून ठेवतो."

विनता रत्नाकरची बायको, या घरची सून. पंधरा वर्षं झाली होती तिला येऊन. सासू गेल्यापासून शेत तीच पाहायची, अन् बैलांपासून बाप्यांपर्यंत सगळे तिला वचकून असत. दोन खोल्या ऐकल्या अन् तिच्या कपाळाची शीरच उठली.

"खोल्यांत मी काय पेरू, तुमचे कारखान्याचे खिळे? त्याला गहू दाखवायचा."

"दसऱ्याला गहू? वेड लागलं का? आपल्याकडे पेरणीच दिवाळीच्या तोंडावर होते."

"घटस्थापनेला परडीत गहू पेरतो ना आपण? दसऱ्याला बोटभर होतो. परडीत होतो तर शेतात काहून नाही होणार?"

रत्नाकर बोटांवर दिवस मोजू लागला. भय्यासाहेब मात्र ताडकन उठले. घटस्थापनेला पेरायचं तर पंधरा दिवस आधी बंध फोडायला हवेत, म्हणजे अनंत चतुर्दशीला. अन् पिंगळ्यांच्या घरात पाच पिढ्या चाललेली रीत अशी की पितृपक्षात तर्पण करायचं ते बंधाच्या पाण्यात उभं राहून. सर्वपित्री झाल्याशिवाय कुदळ लावायची नाही.

"माझ्या बापाला मी तर्पण कुठं करू? कोरड्यात?"

"विहीर आहे की," विनता म्हणाली. "मामंजी, पितरांना पाणी कुठलंही चालेल. त्यांनी कमावलेली जमीन तुम्ही तलाव म्हणून देऊन टाकली, हे मात्र चालायचं नाही."

बोलून गेली अन् तिलाच वाईट वाटलं, कारण म्हातारा एकदम खालीच बसला. पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

अडचण एकच नव्हती. सातबंधीचं पाणी उतरायचं ते गुणवंत पटेलच्या शेतांतून. त्याचे बंध भरलेले असताना इकडून पाणी सोडलं तर त्याची शेतं फुटून जातील. खालच्यानं आधी सोडायचं, मग वरच्यानं, हा तिथला कायदाच. अन् गुणवंतची जमीन काही सरकार घेत नव्हतं. तो काहून घाई करेल?

विनता त्याच्या ओसरीवर जाऊन बसली. त्यानं सरळ हात जोडले. "बाई, पानी तो अमावस तक रहेगा. पंधरा दिन पहले छोड़ूँ तो मेरी मिट्टी क्या पिएगी?"

"गुणवंत भैया, तुमच्या शेतात आता काय दिसतं?"

"पानी."

"आमच्याही दिसलं. त्याला तलाव लिहिलं. उद्या हे दारूगोळ्याचं कोठार जरा पुढं सरकलं तर कानूनगो तुमच्या बंधावर उभा राहील, तेव्हा तो काय लिहील? एकदा आमच्या कागदावर तलाव पक्कं झालं की सगळ्या भागाचे तलावच होतील."

गुणवंतनं तंबाखूची चिमूट दाढेत धरली. मग उठला, कुदळ खांद्यावर टाकली अन् म्हणाला, "चलो."

चतुर्दशीला आधी गुणवंतनं आपलं पाणी सोडलं, मग इकडं वरच्या बंधात गणपती बोळवला अन् त्याच पाण्यामागं सातही बंध फोडले. भय्यासाहेब दारात शेतांकडे पाठ करून उभे होते. पण पितृपक्षात विहिरीवर तर्पण करून आले ते तडक शेतात उतरले, मूठभर माती दाबून पाहिली अन् कोणाकडे न बघता म्हणाले, "आठ दिवस ऊन लागलं तर तिफण चालेल." विनताला रडूच यायचं बाकी होतं.

ऊन लागलं. घटस्थापनेच्या पहाटे देवघरात परडी मांडली अन् घरचं सगळ्यात चांगलं बियाणं बाहेर निघालं. रत्नाकर रजा काढून आला होता, गुणवंतनं बैलजोडी पाठवली होती. ते बियाणं पाहून भय्यासाहेबांचा जीव तुटला.

"सूनबाई, हा गहू कापायला आपण राहणार नाही. साहेबाला दाखवायचं तर रस्त्याच्या कडेला तिफणीची चार तासं, चार ओळी पुरेत. बाकी काहून मातीत घालायचं?"

"शेवटचं पेरायचं तर अर्धं काहून?" विनता म्हणाली. "मी चोरी करून नाही राहिले, मामंजी. शेती करून राहिले."

सातही बंध पेरले, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. तीन दिवस लागले. पुढं रोज सकाळी ती आधी परडी बघायची, मग शेत. परडीतलं पाचव्या दिवशी वर आलं, शेतातलं येईना. सातव्या दिवशीही काळी मातीच. रत्नाकरनं नेपियर टाउनातल्या खोल्यांचा पत्ता खिशात ठेवलेला तिनं पाहिला. अष्टमीला पहाटे ती बंधावर गेली तर रेघेरेघेनं हिरवं डोकं वर काढलेलं. ती वाकून एकेका कोंबाला हात लावत गेली अन् कोणी बघत नाही असं पाहून पोटभर रडली.

ठरल्या दिवशी कानूनगो आला. रस्त्यावरूनच हिरवं दिसलं तसा तो हसला. "वाह भय्यासाहेब! किनारे पर दो लाइन बो दी? हमको बच्चा समझे?"

"उतरा खाली अन् चाला," विनता म्हणाली.

तो चालला. पहिला बंध, दुसरा, तिसरा. जोडे मातीनं जड झाले, घाम निथळला, तरी हट्टानं सातव्यापर्यंत गेला. सातव्याच्या पार कोपऱ्यात, जिथं कोणी साहेब कधी जाणार नाही, तिथंही बोटभर गहू ओळीनं उभा होता. कानूनगो थांबला. टोपी काढून डोकं पुसलं. मग बगलेतली कागदांची पेटी उघडून त्यानं 'तलाव' खोडलं अन् लिहिलं: शेत, गहू, पूर्ण पेरलेलं. त्याच जिल्ह्यातल्या पाटणच्या बाजूला तेवढीच जमीन मिळायची वाट मोकळी झाली.

भय्यासाहेबांनी चार कोंब उपटले अन् दसऱ्याला परडीतले कोंब धन म्हणून टोपीत खोवतात तसे त्याच्या टोपीत खोवले. "घ्या साहेब. सातबंधीचं हेच पीक यंदा."

दुसऱ्या दिवशी ट्रक आले ते त्या गव्हावरूनच. सामान भरलेल्या गाडीत बसून विनता ते बघत होती. तिच्या जिवाला फार लागलं. पण मान फिरवली नाही तिनं. आपण पेरलेलं आपणच बघायचं, असं ती म्हणाली.

पाटणकडे गेल्यावर तिनं घराच्या भिंतीआधी बंध घातला. पुढच्या श्रावणात तो काठोकाठ भरला. एक दिवस कोणी सरकारी माणूस छत्री घेऊन रस्त्यानं चालला होता, पाणी बघून सहज थांबला. घरात विनतानं पोळपाटावरचा हात थांबवला. भय्यासाहेब चप्पलही न घालता धावत बाहेर गेले.

"शेत आहे हे, साहेब!" म्हातारा पावसात ओरडत होता. "पाणी दिसतंय ते जाऊ द्या. शेत आहे! आधी लिहून घ्या!"