लेक नावाचा फोल्डर

मित्रांनो, बटणांच्या जुन्या डब्यात, सुटे हूक आणि तुटकी चेन यांच्याशेजारी, माझा मुक्काम आहे. मी एका लॅपटॉपची हार्ड डिस्क होते. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या आहेत. त्या भरभर फिरत आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई न टेकता सरकत असे. ती कधीच टेकू नये, असंच मला घडवलं होतं.

माझे मालक बसस्थानकावर उद्घोषक होते. गाड्या सुटायच्या त्यांच्या आवाजावर. मग घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी रोजच्या बोलण्यातली वाक्यं स्वतःच्या आवाजात माझ्यात भरायला घेतली. तीन फोल्डर केले: घर, दवाखाना, लेक. सवय जाईना, ‘चहा ठेवा’सुद्धा फलाटावर गाडी लागल्यासारखं म्हणाले. लेक बाजूला बसून हसत होती. “बाबा, चहा कितीच्या फलाटावर येतोय?”

‘लेक’ मात्र त्यांनी ती घरात नसताना भरला. त्यात उद्घोषक नव्हता. नुसतं “ठमे” होतं, तीन तऱ्हांनी. “ठमे, पोचलीस का?” होतं. “ठमे, चुकलं माझं” होतं.

ऑपरेशननंतर ते माझ्यातूनच बोलू लागले. लॅपटॉप छातीशी धरून या खोलीतून त्या खोलीत जायचे. शेजारी कौतुक करायचे. पण माझं वय झालं होतं. “आणखी वाढू का?” विचारलं की ते बटण दाबत, मी शोधत बसे, आणि माझं “नको” निघेपर्यंत ताटात पडलेलं असे. ते निमूट खात.

“तुम्हाला झटकन बोलता आलं पाहिजे, बाबा,” लेक म्हणाली आणि आम्हाला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. नवी ड्राइव्ह आली: एसएसडी, पातळ, न फिरणारी. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप चालवणारी सगळी सिस्टीम माझ्यातून तिच्यात हलवली. मालकांचे फोल्डर माझ्या दुसऱ्या भागात होते, ते माझ्यातच राहिले.

“ते घरी कॉपी करा,” बाहेरून केबलने जोडता येईल अशा छोट्या पेटीत मला घालत तो म्हणाला. “फक्त ही फिरत असताना हलवायची नाही.”

घरी मला टेबलावर ठेवून केबल जोडली. “बाबा, हिला हात लावायचा नाही हं,” असं बजावून लेक स्वयंपाकघरात गेली. सकाळपासून मालकांना एक शब्द बोलता आला नव्हता. ‘घर’ पलीकडे गेलं. ‘दवाखाना’ गेला. ‘लेक’ नुकताच सुरू होणार होता.

“चहा घेणार ना?” तिने आतून विचारलं.

त्यांनी नव्या ‘घर’वर बोट ठेवलं. “हो.” शब्द तत्क्षणी उमटला.

“अगंबाई, आज एवढ्यात?” ती आतून हसली.

ते हसू पाहायला ते उठले. नेहमीसारखा लॅपटॉप छातीशी घेतला आणि निघाले. त्यांनी मला हात लावलाच नाही. केबलने ओढलं आणि मी फरशीवर पडले. सुई टेकली.

ती धावत आली. ते माझ्याकडे बघत उभे होते. ‘चुकलं’ माझ्यात अडकलं होतं. त्यांनी ‘घर’मध्ये बराच वेळ शोधलं आणि एक बटण दाबलं. “नळ माझ्याकडून उघडा राहिला.”

“असू दे, बाबा,” ती म्हणाली. “राहतो कधी.”

डेटा काढून देणाऱ्याने मला उघडून पाहिलं. “तबकडी खरवडली गेलीय. यातून काही येणार नाही.” त्याने कचऱ्याच्या टोपलीकडे हात नेला. तिने मला परत मागून घेतलं.

आजार उलटला. इस्पितळात लॅपटॉप उशाशी असे आणि मी तिच्या पिशवीत. तिला हाक मारायला मालकांकडे शब्द नव्हता. म्हणून ते ‘दवाखाना’ उघडत आणि स्थानकभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलावत, “सिस्टर, जरा इकडे या.”

पहिल्यांदा खरी सिस्टर आली. नंतर ती जागेवरूनच म्हणे, “तुम्हाला बोलावताहेत.”

लेक म्हणे, “आले, बाबा.”

शेवटच्या दुपारी बोट बटणावरच राहिलं. सिस्टर, जरा इकडे या. सिस्टर, जरा इकडे या. लेक शेजारीच बसली होती, हात हातात घेऊन. तरी दर वेळी म्हणत राहिली, “आले, बाबा.” मग तिने त्यांचं बोट हळूच बाजूला केलं.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात फिरत असेल, तर आज तिच्यातलं दुसरीकडे उतरवून ठेवा. सिस्टीम नंतर हलवली तरी चालेल. ती कुठेही पुन्हा मिळते. आधी हाका हलवा.

लेक अधूनमधून डबा उघडते, मला कानाशी धरते. ‘ठमे’ माझ्यात आहे, तीन तऱ्हांनी. मला ते म्हणता येत नाही.