चष्मा घाल, आई

नागरिकत्वाची परीक्षा जवळ आली की अमेरिकेतल्या आमच्या लोवेल गावातल्या कंबोडियन घरांत शाळा भरते. लेकरं शिक्षक होतात आणि म्हातारी माणसं विद्यार्थी. मालिसच्या घरी ही शाळा रोज सकाळी भरायची, पण तिथला विद्यार्थी काही केल्या पुढे सरकेना.

"आई, या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष कोण?"

मालिसची आई, सारेत, लसूण सोलत होती. "सांगितलं होतंस का गं?"

"आत्ता सांगितलं! तिकडे तू शाळेत बाई होतीस ना? एवढी पोरं शिकवलीस आणि एक नाव डोक्यात राहत नाही?"

आई कसनुसं हसली. सकाळी घोकलेलं दुपारी पुसलेलं असायचं. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. पलंगाखाली तांदळाचं गाठोडं कायम बांधलेलं, पुन्हा कुणी घरातून बाहेर काढलं तर असावं म्हणून. "नागरिकाला हाकलून देत नाहीत ना गं?" एवढंच ती पुन्हापुन्हा विचारायची. पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. आता या अर्जावरची ही शेवटची खेप होती.

शेजारच्या योम मावशी पेज घेऊन आल्या. त्यांनी सरळ विषय काढला. "अगं, डॉक्टरांचा दाखला घे. दुखण्यामुळे ज्यांचं डोकं साथ देत नाही, त्यांना ही परीक्षा माफ असते."

"म्हणजे आई वेडी आहे असं लिहून घ्यायचं? देवळातल्या बायका काय म्हणतील? आणि सवलत कशाला मावशी, बाकीचे होतातच की पास."

"पाय मोडलेल्या माणसाला जिना चढायला लावशील? हिचं मोडलेलं दिसत नाही, एवढाच फरक."

मालिसने मनावर घेतलं नाही. आईला साहेबासमोर बसायची सवय नाही, दुसरं काही नाही, असं तिचं मत. सरावासाठी तिने टेबल ओढलं, साहेबासारखा अंगात कोट चढवला आणि आपल्याच भाषेत करड्या आवाजात विचारलं, "नाव सांगा. लिहितावाचता येतं का?"

आईने चष्मा काढला. पहिल्या परीक्षेला कार्यालयातही तिने हेच केलं होतं आणि मालिस चिडली होती. चष्मा तिने लुंगीच्या घडीत खोल खोचला, हात जोडले आणि मालिसने कधीच न ऐकलेल्या बारीक, खेडवळ आवाजात बोलू लागली.

"नाही दादा. मला अक्षर येत नाही. मी भाजी विकते. तो चष्मेवाला माझा कुणी नाही. न्या त्याला."

आईचे डोळे मालिसवर होते, पण आई तिला पाहत नव्हती.

"तो कोट काढ आधी," योम मावशी म्हणाल्या. "तिकडे कंबोडियात त्या राजवटीतले शिपाई हेच विचारायचे. शिकलेला, चष्मा लावणारा दिसला की मारायला नेत. तुझ्या बापाने खरं सांगितलं, येतं वाचता म्हणून. तू हिच्या कडेवर होतीस. हिने खोटं सांगितलं, म्हणून तू आज आहेस."

"बाबा तर तापाने गेले ना?"

"मग तुला काय सांगणार होती ती?"

नववर्षाला आपण कंबोडियन लोक आईबापांचे पाय धुऊन क्षमा मागतो. मालिसने नववर्षाची वाट न पाहता त्याच दिवशी पाणी आणलं. रोज सकाळी आपण आईला कुणासमोर बसवत होतो, हे तिला आता कळलं होतं आणि रडू आवरत नव्हतं.

डॉक्टरांनी बरेच दिवस तपासून दाखला दिला. मुलाखतीला आईने चष्मा दारातच काढला. दुभाष्याकरवी नाव-पत्ता विचारून अधिकाऱ्याने अर्ज मंजूर केला आणि कागद मिटले.

"तो नाही विचारणार? लिहितावाचता येतं का ते?"

"नाही. आता कुणी विचारणार नाही. चष्मा घाल, आई."

तिने लुंगीच्या घडीतून चाचपून चष्मा बाहेर काढला, डोळ्यांवर चढवला आणि कितीतरी वेळ समोरच्या माणसाचं तोंड पाहत राहिली. "केवढंसं पोर आहे गं हे," ती म्हणाली.

तांदळाचं गाठोडं अजून पलंगाखालीच आहे. ते सोड, असं मालिस म्हणत नाही. मंडळी, सवलतीला भीक समजू नका. आपल्या माणसाला उत्तर का देता येत नाही, ते आधी विचारा, आणि विचारताना त्याच्या शेजारी बसा, समोर नको.