उन्हाळा उतरल्यावर

दादानं कुठलीही सहल काढली की तिचा निम्मा जीव ठरवण्यातच जातो. रामटेकला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशी पाण्याच्या बाटल्या ओट्यावर ओळीनं उभ्या राहतात, आणि आमच्या नागपुरातल्या नंदनवनापासून रामटेक असं आहे तरी किती लांब? मी त्याची धाकटी बहीण शोभा, जन्मभर त्याला यावरून चिडवत आले. या वर्षी चिडवायचं बंद केलं.

सुमतीवहिनीच्या डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या होत्या. एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यातून मधोमध तेवढं दिसायचं, दाराच्या फटीतून पाहावं तसं. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंतसुद्धा भरवसा देता येत नाही, जे पाहायचं आहे ते पाहून घ्या. दवाखान्याच्या पायरीवरच दादानं विचारलं, "काय पाहाचं आहे तुले?" मला वाटलं, काशी म्हणेल. वहिनी म्हणाली, "मले बेट पाहाचं आहे."

जरीपटक्याच्या शाळेत तिनं आयुष्यभर भूगोल शिकवला. फळ्यावर निळ्या खडूनं समुद्र काढायचा, मध्ये पांढरं बेट, आणि पोरांकडून घोकून घ्यायचं, चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेली जमीन. स्वतः बाईनं समुद्र पाहिलेला नाही. आम्ही सुट्टीत जातो ते पचमढीला, नाहीतर तिरुपतीला, समुद्र राहूनच जातो. तिची जुनी विद्यार्थिनी मुग्धा कोकणात पक्ष्यांचा अभ्यास करते. ती राहते त्या बंदरासमोर, खोल पाण्यात, खडकाळ बेटं आहेत, समुद्रपक्ष्यांसाठी राखलेली. तिथं उतरायचं नाही, परवानगी घेऊन बोटीतून फेरी तेवढी मारायची. "किनारा तर कोणीही पाहाते," वहिनी म्हणाली. "जिथं माणसाले पाय ठेवू देत नाही, ते पाहू एकदा."

दादा कामाला लागला. परवानगीचं मुग्धानं पाहिलं, बाकी सगळं यानं. प्लास्टिक चालत नाही म्हणून स्टीलचे डबे आले. भडक रंगानं पक्षी उठतात म्हणून वहिनीसाठी मातकट साडी आली, तिच्यात ती अगदी वाळत घातलेल्या पोत्यासारखी दिसायची आणि खुशाल हसायची. बोटीची सवय हवी म्हणून एप्रिलमध्ये एका सकाळी त्यानं आम्हा दोघींना रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर नेलं. बोट डुलली की मी देवाचं नाव घ्यायची. वहिनी ताठ बसून मान हळूहळू फिरवत होती, पाणी तुकड्यातुकड्यानं पाहत. "बेट समोर आलं तर मावते का वं सगळं इतक्याशा नजरेत?" तिनं विचारलं. "मावते," मी म्हटलं. घरी येईपर्यंत ती गुणगुणत होती.

मुग्धानं फोनवर बजावलं होतं, "काका, मे संपायच्या आत या." दादा हो हो म्हणाला. पण मे लागला आणि ऊन असं तापलं की भरदुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. त्या दिवसांत नागपूरचा माणूस कूलरसमोरून उठत नाही, आजारी बाईला घेऊन प्रवासाला तर मुळीच निघत नाही. दादानं तिकिटं रद्द केली. "उन्हात मराचं आहे का? उन्हाळा उतरला का जाऊ. जूनच्या शेवटी मस्त ढगाळ राहते." घरात सगळ्यांनाच ते शहाणपणाचं वाटलं. वहिनीनं मान हलवली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. मुग्धाला विचारावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. उन्हाळ्याबद्दल नागपूरकरानं दुसऱ्या कोणाला काय विचारायचं?

जूनमध्ये नवी तिकिटं काढून त्यानं मुग्धाला फोन लावला, वहिनीला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"काका, बोटी वर ओढून ठेवल्या. पावसाळ्यात समुद्र बंद राहते ना. आता नारळी पौर्णिमा झाल्यावरच."

"बंद म्हणजे?"

समुद्र बंद असतो हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तलाव भरतात आणि लोक तेव्हाच पाहायला निघतात.

"मंग काहून सांगितलं नाही मले?" दादा तिच्यावर ओरडला. वहिनीनं हात पुढे करून त्याची बाही चाचपत धरली. "सांगितलं होतं तिनं," ती म्हणाली. दादानं फोन ठेवला आणि आमच्यासमोर ओक्साबोक्शी रडला. वहिनी रडली नाही, तेच मला सहन झालं नाही.

मग नुसतं थांबणं. फट बारीक होत गेली. आधी तिचं वर्तमानपत्र गेलं, मग माझा चेहरा गेला असावा, कारण मी बोलेपर्यंत ती माझ्याकडे वळायची नाही. विचारलं की म्हणायची, "दिसून राहिलं ना." दादा विश्वास ठेवायचा. त्याला ठेवायचाच होता.

नारळी पौर्णिमा म्हणजे आमच्याकडे राखी. मी सकाळीच गेले. वहिनीनं दरवर्षीसारखं ओवाळणीचं ताट मांडलं होतं, दादा डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसला होता. वहिनी आत राखी आणायला गेली तेवढ्यात मी निरांजन लावलं. ती भिंतीला हात लावत परत आली आणि फोन वाजला. मुग्धा होती.

"काका, आज समुद्राला नारळ वाहिला. बेटाकडची पहिली बोट तुमच्यासाठी ठेवून राहिले."

किती दिवसांनी दादाचा चेहरा फुलला. पाटावर बसल्याबसल्याच सुरू झाला, स्टीलचे डबे माळ्यावरून काढायचे, मातकट साडी इस्त्रीला द्यायची, या खेपेला ऊन असो की पाऊस, तो कोणाचं ऐकणार नव्हता. "ऐकलं का वं सुमती? समुद्र उघडला."

वहिनीनं चाचपत ताट उचललं आणि माझ्यापुढे धरलं. ज्योत तिच्या तोंडासमोर सरळ उभी होती, हनुवटीवर उजेड पडला होता.

"उघडला ना, बरं झालं," ती म्हणाली. "शोभा, निरांजन लाव ना आता. किती वेळ बसवतं त्यायले?"

दादाची नजर ज्योतीवरून तिच्याकडे गेली.

"लावते वहिनी," मी म्हटलं, आणि काडेपेटी उघडून तिला ऐकू जाईल अशी एक काडी ओढली.