पुन्हा पहिली ओवी

"टॉर्च लावू नगंस," मालक म्हणाले. "भिंग उघडं हाय."

मी टॉर्च पदराखाली घेतली. पंचाहत्तर सालची थंडी. राधानगरीच्या तलावाकाठी एका खडकावर आम्ही दोघं नवरा-बायको बसलो होतो. तीन पावलांवर तिवई, तिच्यावर कॅमेरा. चांदण्यात फोटो उमटायला वेळ लागायचा. तोवर हलायचं नाही, उजेड करायचा नाही. घड्याळाचं काम माझ्याकडे. माझ्या जात्यावरच्या बारा ओव्या संपल्या, की मालक उठून भिंगावर टोपण ठेवत.

कोल्हापुरात आमचं फोटोचं लहानसं दुकान होतं. मालकांनी लग्नाच्या वरातींची कामं सोडली, तेव्हा शेजारचे हंबीरराव म्हणाले होते, "आकाराम, नवरी सोडून तळ्याचं फोटो? तळं काय हार घालतंय व्हय तुला?"

मालकही हसले होते. खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं. वर्षभर झालं, दिवस मावळला की त्यांना काही दिसत नसे. कॅमेरा ते उजेड असतानाच लावून ठेवत आणि रात्री टोपणापर्यंत चाचपत जात.

"पाणी कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दुधावर साय धरल्यागत."

"मग म्हण."

सातव्या ओवीला खाली पाचोळा वाजला. पाण्याकडून गवा वर आला आणि कॅमेऱ्याच्या पुढं, डाव्या अंगाला उभा राहिला. एवढं मोठं जनावर, पण हलेना. नाकातून वाफ तेवढी येत होती.

मी आवाज न वाढवता ओवी पुढं नेली. ओरडले तर गवा बिथरणार. आणि ओव्या संपल्या, की मालक उठून सरळ त्याच्या शिंगांपुढं जाणार.

"आवाज का कापतोय गं?" मालक पुटपुटले.

मी पुढची ओवी धरली. दहावी झाली. अकरावी झाली. बारावी मी ओढून ओढून म्हटली, तरी ती संपलीच. उठण्यासाठी मालकांनी खडकावर हात टेकल्याचं मला ऐकू आलं.

मी पुन्हा पहिली ओवी धरली.

त्यांचा हात थांबला. रोज पहाटे माझं जातं ऐकूनच त्यांना जाग येई; पहिली ओवी कानावर पडली की त्यांना बरोबर ओळखू येई. ते तसेच खाली बसले आणि माझ्या लुगड्याचा काठ त्यांनी मुठीत घट्ट धरला.

किती वेळा म्हटल्या, आठवत नाही. गवा एकदा फुरफुरला, वळला आणि झाडीत गेला. त्यानंतरही मी गातच होते.

दोन दिवसांनी मालक तो फोटो घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात बसले. चांदण्यांचे लांब ओरखडे झाले होते. पाणी पांढरंफटक. डावीकडं एक काळा ढीग.

"बिघडला की रं," हंबीरराव वाकून म्हणाले आणि निघून गेले.

मालकांनी काळ्यावर बोट ठेवलं. "ह्यो काय, खडक?"

"व्हय. खडकच."

"तितं खडक न्हवता, शेवंता. मी उजेडात बघितलंय की."

मी झाडू घेतला. ते उठले, आतून भिंगाचं टोपण आणलं आणि माझ्या हातात देऊन माझी मूठ मिटली.

"पुढच्या पुनवेला तू ठेव."

"आन् ओव्या?"

"मी म्हणतो. पहिली कुठनं सुरू हुती?"

मी सांगितली. मालक रस्त्याकडं तोंड करून घोगऱ्या आवाजात ती म्हणू लागले. दुसऱ्या ओळीला अडले. फोटो काढायला आलेलं एक जोडपं पायरीखाली उभं होतं. त्यांना थांबायची खूण करून मालकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.